हंस : कोशातला, दृष्टांतातला आणि आकाशातला

कीर्तनात नीरक्षीराचा दृष्टांत निघाला की हल्ली एखादे शाळकरी पोर हमखास विचारते, “बुवा, हंस खरंच पाण्यातलं दूध वेगळं काढतो का हो?” त्याला दटावून गप्प बसवणारे पुष्कळ. पण सज्जनहो, प्रश्न रास्त आहे. आधी हंस म्हणजे कोणता पक्षी ते पाहू.

तसबिरीत सरस्वतीपाशी लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी काढतात. तो मूळचा युरोप व मध्य आशियातला. आपल्या देशात क्वचितच भरकटत येतो. शिवाय अमरकोशात राजहंसाचे अंग पांढरे, चोच व पाय तांबडे सांगितले आहेत, आणि याचे पाय तर काळे! तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी उन्हाळ्यात अंडी घालून थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो तो पट्टकादंब. अंग राखाडी, डोके पांढरे, त्यावर मागे दोन काळे पट्टे. कोशाच्या लक्षणात हाही नेमका बसत नाही. पण मानससरोवराची वाट याचीच. जुन्या शिल्पांतल्या हंसपंक्तीही पुष्कळदा याच्याच जातकुळीच्या दिसतात. डच पंडित फोगेल यांचा याच विषयावरचा स्वतंत्र ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला.

आता दूध. हा पक्षी गवत चरतो, धान्य खातो. दूध निवडणे त्याला काय, कोणत्याच पक्ष्याला साधत नाही. गंमत अशी की शुक्ल यजुर्वेदाच्या एकोणिसाव्या अध्यायात हंस पाण्यातून सोम वेगळा पितो. दूध वेगळे पिणारा तेथे क्रुंच पक्षी आहे! पुढे कवींनी ते श्रेय हंसाला दिले.

मग माउलींचा दृष्टांत खोटा की काय? मुळीच नाही. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात सत् आणि असत् निवडताना राजहंसाच्या जोडीला सोने तावून हीण काढणे, दही घुसळून लोणी काढणे, धान्य उफणून भूस उडवणे हेही येते. ही कामे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढची, रोजची. हंस हा कविसंकेत, ऐकणाऱ्याने आधीच मान्य केलेला. पक्ष्याचा स्वभाव शिकवायला तो तेथे आलेलाच नाही. निवडायचे म्हणजे काय, एवढेच त्याने दाखवायचे. निरूपणकाराने हे उघड सांगावे. त्याने ओवीला काही उणेपणा येत नाही.

उलट खऱ्या पक्ष्याचा पराक्रमच थोर. वजन जेमतेम दोन-तीन किलो. पण अंगावर यंत्र बांधून मोजले तेव्हा याची उंची सात हजार मीटरांच्या वर भरली! तेथे माणूस धापा टाकतो. याच्या रक्तात प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती अधिक. कालिदासाने मेघदूतात हंसांना कमळदेठांची शिदोरी देऊन पावसाळी मेघासोबत कैलासाकडे धाडले. प्रत्यक्षात पट्टकादंब फाल्गुन-चैत्रातच निघतात. कवीने दिशा बरोबर धरली, महिना तेवढा सोडला.

पाहायचा असेल तर मानससरोवर गाठायला नको. हिवाळ्यात आपल्या भीमेवरच्या उजनीला, नाही तर पैठणच्या नाथसागरावर जावे. तेथे लांब पायांचे गुलाबी रोहितही असतात. हौशी मंडळी त्यांनाच हंस म्हणून दाखवतात. डोक्यावरचे दोन पट्टे तेवढे पाहावे.