पेत्र दुसऱ्यांदा घसरला तेव्हा

अहिल्यानगर

प्रिय बाळ,



तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर उत्तर देता आलं असतं, पण फोनवर तू दर वाक्याला "हो मामा, हो मामा" करतोस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. म्हणून हा कागद. नेरेच्या त्या नव्या सोसायटीत पोस्टमन वर येत नाही, पत्र वॉचमनकडे ठेवतो असं तू म्हणाला होतास. तेव्हा येता-जाता त्याला विचारत राहा.

तुझ्या हिंजवडीच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये धर्मांतराचा विषय निघाला. कुणीतरी "तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले" असं म्हणालं. दुसऱ्याने तुलाच विचारलं, "तुमच्या नगरकडे बरेच आहेत ना रे हे लोक?" आणि तू, पाळकाचा नातू, "असतील, आपला काय संबंध" म्हणून सगळ्यांबरोबर हसलास. तुझं आडनाव चारचौघांसारखं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. त्यानंतर तू रविवारच्या भक्तीला गेला नाहीस. मंडळीच्या तरुण संघाचं चिटणीसपद सोडतो म्हणतोस. शेवटी लिहिलंयस, "आधी स्वतःला सुधारतो, मग तोंड दाखवतो."

ते हसणं चुकलंच. त्यावर मी फुंकर घालणार नाही. गप्प बसणं वेगळं आणि नाकारणं वेगळं. गळ्यात पाटी अडकवून कुणी फिरावं असं माझं म्हणणं नाही. आजच्या दिवसांत कुठे बोलावं, कुठे नाही, हे ज्याने-त्याने ठरवावं. देशात काही ठिकाणी तोंड उघडण्याची किंमत फार मोठी आहे, तिथल्या माणसांना घरबसल्या धैर्य शिकवायचा मला अधिकार नाही. पण हिंजवडीच्या कँटीनमध्ये तुला कोण काय करणार होतं? दोन दिवस टोमणे, एवढंच. तेवढ्याला तू घाबरलास.

मला जास्त खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य. पाप हसण्यात होतंच, पण धोका या वाक्यात आहे.

वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची हकिकत तुला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. त्या रात्री एक नाही, दोन शिष्य पडले. यहूदाने धनी विकला. पेत्राने अंगणात शेकोटीपाशी उभं राहून त्याची ओळख तीनदा नाकारली, पहिल्यांदा तर एका दासीसमोर, तुझ्या कँटीनमधल्यांपेक्षाही क्षुल्लक माणसासमोर. पस्तावले दोघेही. यहूदाने तर तीस रुपये परत नेऊन टाकले आणि निर्दोष रक्ताचा घात केल्याचं कबूलही केलं. पेत्राने शब्दांत कबुली दिल्याचं शुभवर्तमानात कुठे नाही, तो फक्त रडला. मग फरक कुठे पडला? यहूदा याजकांकडे गेला, त्यांनी हात झटकले आणि तो एकटा निघून गेला. पेत्र त्याच माणसांत राहिला, ज्यांच्यासमोर त्याने "सगळे अडखळले तरी मी नाही" अशी बढाई मारली होती. त्यांच्यासमोर बसायला त्याला किती जड गेलं असेल, विचार कर. पण तो बसला. म्हणून तळ्याकाठी प्रभूने पुन्हा हाक मारली तेव्हा तो हाकेच्या अंतरावर होता. तू मात्र "आधी सुधारतो" म्हणून एकट्याने चालायला निघालास. त्या वाटेने कुणी सुधारून परत आल्याचं शास्त्रात मला सापडत नाही.

आता पेत्राची दुसरी गोष्ट, जी आपण प्रवचनात फारशी ऐकत नाही. पेत्र पवित्र आत्म्याने भरला, हजारो लोकांसमोर उभा राहिला, तुरुंगात गेला. असा पेत्र त्यानंतर पुन्हा घसरला. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघड. अंत्युखियाला तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसून जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि ती काय म्हणतील या भीतीने हा हळूच पंगतीतून उठला. त्याचं पाहून बर्णबासारखा भला माणूसही वाहवत गेला. पौलाने त्याला सर्वांदेखत, तोंडावर सुनावलं. म्हणजे पहिल्या वेळी ज्या भीतीने पेत्राला पाडलं, त्याच भीतीने वर्षांनंतर पुन्हा पाडलं. लोक काय म्हणतील! माणसाची खोड एका पश्चात्तापात जात नाही. मी मंडळीत आयुष्य काढलं आहे. माझ्या पाहण्यात रागीट माणूस बाप्तिस्म्यानंतरही बराच काळ रागीटच असतो. फक्त आता त्याला रागाची लाज वाटते, आणि माफी मागायला तो थोडा लवकर जातो.

पंगतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याच मंडळ्यांत लग्न जुळवताना "मूळचे कोण?" असं हळूच विचारणारे अजून आहेत. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून घेतात आणि सोयरिकीला पूर्वजांची जात काढतात. पेत्राचं अंत्युखिया आपल्या दारात आहे, आणि तिथे पौलासारखं तोंडावर बोलणारं कुणी नाही. तुझ्या कँटीनपेक्षा हे नाकारणं मला मोठं वाटतं, पण ते असो.

खोड जात नाही म्हटलं, त्याचं उदाहरण म्हणजे रेव्हरंड टिळक. त्यांची गाणी तू लहानपणापासून "उपासना संगीत"मधून गात आलास. नारायण वामन टिळक, 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा. पत्नी लक्ष्मीबाईंना मागे सोडून ते या वाटेने गेले. ती बाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर, लोकांच्या बोलण्याखाली राहिली. पुढे ती परत आली, तरी सोवळं सांभाळून वेगळी चूल मांडून राहिली. ख्रिस्ती झाली ती त्यानंतर, आपल्या मनाने, आपल्या वेळेने. आणि टिळक कसे होते? तापट, उतावळे, विसराळू. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे, घरात पीठ आहे की नाही याचा पत्ता नाही. हे मी कुठल्या टीकाकाराचं सांगत नाही. खुद्द लक्ष्मीबाईंनी "स्मृतिचित्रे"त लिहून ठेवलं आहे, 1934 पासून ते छापून सगळ्यांसमोर आहे. नवऱ्याच्या रागाचे, हट्टाचे, वेंधळेपणाचे प्रसंग त्या हसत-हसत सांगतात आणि त्या सांगण्यातून त्याच्याबद्दलचं प्रेम कुठे कमी होत नाही. मराठीत संतचरित्रं पुष्कळ, पण शिष्याचं इतकं खरं चित्र दुसरं मला माहीत नाही. ते पुस्तक वाचून टिळकांवरचा विश्वास उडाला असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटला नाही. 1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनच्या पगाराची नोकरी सोडून "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढणारा माणूस हाच. स्वभाव तोच उतावळा, पण रोख प्रभूकडे. 1919 मध्ये ते गेले तेव्हा "ख्रिस्तायन" हे महाकाव्य अर्धवट होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पुस्तक तुझ्या आईकडे आहे, कपाटात वरच्या फळीवर. पुढच्या खेपेला घेऊन जा.

टिळकांचा दोष स्वभावाचा. तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ दुसऱ्या तऱ्हेची होती: "कधी-कधी वाटतं, माझा खरंच विश्वास आहे का?" त्यासाठी नीलकंठशास्त्री गोरे यांची गोष्ट. काशीत वाढलेले चित्पावन पंडित, ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. पण शंका त्यांना आयुष्यभर सुटल्या नाहीत. एवढा विद्वान आणि एवढा साधा माणूस, पण मनात पुन्हा-पुन्हा काहूर. निश्चिंत श्रद्धा म्हणतात ती त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनशी त्यांचा संबंध होता. तिथलं पवित्र नाम देवालय तू पाहिलंच आहेस, त्या उंच मनोऱ्याचं. आता गंमत बघ. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माच्या उंबऱ्यावर अडून बसल्या होत्या, बुद्धीला पटेना. त्यांची अडचण सोडवायला ज्याचं लेखन उपयोगी पडलं तो माणूस म्हणजे हेच फादर गोरे. 1883 मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर, हे सारं तिथून. शंकेने पोखरलेल्या माणसाच्या हातून एवढं झालं. त्यांनी "आधी शंका फिटू दे, मग लिहितो" म्हटलं असतं तर?

त्या "तांदळाच्या पोत्या"चंही बोलून टाकू, कारण मला वाटतं तुला खरी बोच तिथे लागली. 1876-78 च्या आणि 1899-1900 च्या दुष्काळांनंतर आपल्या जिल्ह्यात बाप्तिस्मे वाढले, हे खरं आहे. पोटात भूक होती, गावात शिवाशिव होती आणि मिशनच्या लोकांनी काम दिलं, अन्न दिलं, शेजारी बसवलं. काही जण भुकेपोटी आले असतील. त्यात लाज कसली? पाच भाकरी आणि दोन मासे खाऊन लोक येशूच्या मागे गेलेच होते, आणि त्याने त्यांना उपाशी ठेवलं नव्हतं. (तांदळाचं म्हणशील तर तो तुझ्या नेरेकडच्या मुळशी तालुक्यातल्या खाचरांत पिकतो, आमच्या दुष्काळी पट्ट्यात भात सणालाच शिजायचा. टोमणा मारणाऱ्याने निदान पीक तरी बघून मारावा.) माणसं कशासाठी आली हे विचारणाऱ्यांनी ती दुष्काळ सरल्यावर का राहिली हेही विचारावं. धान्य संपलं, काम संपलं, मिशनचे पगारही पुढे आटले. पण त्यांची लेकरं-नातवंडं अजून दर रविवारी दानाच्या थैलीत काहीतरी टाकतात. येण्याचा हेतू मिश्र होता, राहणं मात्र खरं निघालं. निष्ठा मी तिथे शोधतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर मामाने सूट दिली असं तुला वाटेल. "माणूस दुर्बळच असतो" हे वाक्य काही जण उशीसारखं डोक्याखाली घेऊन झोपतात. पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी दोन नावं जवळजवळ येतात. एक देमास: त्याला हे युग प्रिय वाटलं, तो सोडून गेला. दुसरा मार्क: त्याला बरोबर घेऊन ये, तो सेवेला उपयोगी आहे. हाच मार्क तरुणपणी पंफुल्यातून काम अर्धवट टाकून पळाला होता आणि त्याच्यावरून पौल-बर्णबाचं इतकं बिनसलं की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. बर्णबा त्याला पुन्हा बरोबर घेऊन गेला म्हणून तो उभा राहिला. पण बर्णबा हात पुढे करतो, चालावं मार्कलाच लागतं. देमासची चूक काय होती ते बघ. मोठं पाप केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पण तो परतल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. पगार, ईएमआय, शनिवारची पार्टी, रविवारची उशिराची झोप यांतलं एकही वाईट नाही, आणि माणूस बहुधा यांतूनच निसटतो. गेल्या वेळी तुझ्या खोलीवर राहिलो तेव्हा पवित्र शास्त्र लॅपटॉपच्या खाली स्टँडसारखं ठेवलेलं पाहिलं. मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो.

तर काय करायचं? त्या सहकाऱ्याला, ज्याने प्रश्न विचारला त्यालाच, चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांग: "त्या दिवशी मी बोललो नाही. मी ख्रिस्ती आहे. माझे आजोबा पाळक होते." बस. वाद घालू नकोस, पत्रकं देऊ नकोस, रडूही नकोस. तो बहुधा "अरे, मला माहीत नव्हतं" म्हणेल आणि विषय संपेल. नाही संपला तर तेही सोसावं लागेल.

पाळकसाहेबांना राजीनामा देऊ नकोस, झालेलं सांग. चिटणीसपद ठेवायचं की काढायचं ते त्यांना ठरवू दे. स्वतःला शिक्षा ठरवून घेणं हाही एक अहंकारच आहे. आणि ते म्हणाले, "काही दिवस नुसता बसून भक्ती कर," तर नुसता बस.

प्रार्थना होत नाही म्हणतोस. मग मोठी करू नकोस. सकाळी कंपनीची बस मारुंजीच्या बाजूने जाते, अर्धा तास तरी खिडकीशी बसून मोबाईल चाळतोस. त्यातली पाच मिनिटं शुभवर्तमानातल्या एका परिच्छेदाला दे. मन लागलं नाही तरी दे. मन लागण्याची वाट बघत बसलो तर आपण सगळेच वाटेवर राहू.

नेरेहून लांब पडतं ही सबबही नको. आठवडाभर हिंजवडीच्या गर्दीला शिव्या घालतोस, रविवारी सकाळी तोच रस्ता मोकळा असतो. पिंपरी-चिंचवडला आपली मराठी भक्ती आहे. तिथे फारच संकोच वाटला तर पहिल्या खेपेला पुण्यात पंचहौदला जा. तिथे तुला कुणी ओळखणार नाही. पण ते पहिल्या खेपेपुरतंच. दुसऱ्या रविवारी आपल्याच मंडळीत, आपल्याच बाकावर, ज्यांना तोंड दाखवायचं नाही म्हणतोस त्यांच्यातच बसायचं.

यातलं तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तू सांगायचं की नाही ते तूच ठरव. पण येत्या रविवारी भक्तीहून निघालास की मला फोन कर. प्रवचन कसं झालं ते सांग, निदान प्रवचनकार कोण होते तेवढं तरी.

तुझा,
मामा