सेवेला जाणाऱ्याची झोळी
शास्त्रपाठ : लूक १०:१-८



रहिमतपूरच्या तरुण संघातील मुलांना घेऊन आम्ही आंध्रातील अराकू खोऱ्यात सेवेसाठी गेलो होतो. तेथील आदिवासी शेतकरी सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी पिकवतात आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवतात. २०१९ मध्ये या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले.

मुलांनी उत्साहाने फळे तोडली; लाल तोडली, तशी हिरवीही. कच्च्या फळाने कॉफीची चव बिघडते. म्हणून संध्याकाळी थकून आलेल्या मावशींना सगळ्या टोपल्या पुन्हा निवडाव्या लागल्या. त्या रागावल्या नाहीत. सकाळी मुलांना जवळ घेऊन त्यांनी पिकलेले फळ ओळखायला शिकवले.

प्रभूने सत्तर जणांना झोळीशिवाय पाठवले आणि पुढे वाढतील ते खाण्यास सांगितले. देणाऱ्याने आधी घ्यायला शिकावे, हाच त्यातील धडा. आम्ही मात्र वह्या-कपड्यांनी झोळ्या भरून नेल्या होत्या. शिकण्याला जागाच ठेवली नव्हती.

मननासाठी : आदिवासी बांधवांना काय दिले, ते आपण मोजतो. त्यांच्याकडून काय शिकलो, ते कधी सांगतो का? पुढच्या भेटीपूर्वी त्यांनाच विचारू या, “आम्ही तुमच्या कोणत्या कामी येऊ?”