नाला चढायच्या आधी

श्रावण लागला की अमरावती-अकोल्याच्या गाड्या शनिवारी पहाटेच परतवाड्याच्या रस्त्याला लागतात. दोरी, स्पीकर, भुट्टे भाजायला कोळसा, सगळं आठवणीनं भरलेलं असतं. एकच गोष्ट ठरवायची राहते : "परत फिरा" हा शब्द कोणाचा चालेल? मी मित्रमंडळींचे गट घेऊन गाविलगडच्या डोंगरात पावसाळ्यात फिरत आलोय, आणि माझ्या मते ही गोष्ट घर सोडायच्या आधी ठरली पाहिजे.

हे इतक्या ठामपणे सांगतोय, त्याला एक दुपार कारण आहे. पायथ्याच्या एका गावाजवळ नाला ओलांडून धबधब्यापर्यंत जायचं होतं. गावातले एक कोरकू काका वाट दाखवायला सोबत होते. सकाळी पाणी घोट्याएवढं, तळातले गोटे दिसत होते. परतीच्या वेळी आमच्या डोक्यावर तर ऊनच होतं. अर्धे लोक अलीकडे आले आणि काका पाण्याकडे बघत थांबले. पाण्यावरून सागाची पानं, काड्या वाहत येत होत्या, रंग गढूळ होत चालला होता. "वरतं पाणी पडून रायलं, भाऊ. आता कोणी उतरू नका," ते म्हणाले. पलीकडची पोरं ओरडत होती, हाताला हात धरून साखळी करतो म्हणत होती. एकानं दोरी कमरेला बांधायलाही घेतली. काकांनी आवाज चढवून त्यांना वर, उंच खडकावर बसवलं. थोड्याच वेळात ते गोटे दिसेनासे झाले आणि पाण्याचा आवाजच बदलला. अंधार पडायच्या सुमारास पूर ओसरला, तेव्हा राहिलेले अलीकडे आले.

आपल्या भागात हे असं का होतं, ते समजून घ्या. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि दक्षिणेला वऱ्हाडाच्या बाजूनं हा डोंगर एकदम तुटतो. पायथा त्याच्या निम्म्याहून खाली. काळा पाषाण, उतारावर मातीचा पातळ थर. दोन-चार दिवस झड लागून गेली की ती माती आणखी पाणी पीत नाही. पठारावर पडलेली सर सरळ नाल्यात उतरते. चंद्रभागा, शहानूर, सापन यांच्या वरच्या अंगाचे नाले असेच आहेत. खालच्या माणसाला पाऊस दिसतही नाही, पूर मात्र दिसतो. म्हणून आकाशापेक्षा पाण्याकडे बघा. पाचोळा, फेस, गढूळपणा, वरून येणारी घरघर, यातलं एकही जाणवलं की जिथे आहात त्याच काठावर वर चढा. सामान पलीकडे राहिलं तर राहू द्या.

गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसाला सहज पाडतं. पाय दोन दगडांत अडकला की प्रवाह अंगाला खाली दाबतो, आणि कमरेला गाठ मारलेली दोरी तेव्हा सोडवता येत नाही. साखळीत एक पडला की शेजारचे ओढले जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना घट्ट धरून उभे होते. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. पुलावरून पाणी जात असेल तर गाडीही घालू नका. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते.

आमच्या त्या नाल्यावर पाण्याइतकीच भीती थंडीची वाटली. खडकावर बसलेल्या एका मुलीची जीन्स चिंब होती, वारा सुटला होता, ती कुडकुडत होती. कुडकुडणं थांबून माणूस अडखळत बोलू लागला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे, धोक्याचं आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. दारू अजिबात नको. कपड्यांचा एक कोरडा जोड पन्नीत घट्ट बांधून गाडीत नव्हे, पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

विजेचं थोडक्यात सांगतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर पंचबोल किंवा देवी पॉइंटसारख्या उघड्या कड्यावर थांबू नका, एकट्या झाडाखालीही नको. बंद काचांची गाडी चालते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. निघण्याआधी नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा बघा, मोबाइलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप घ्या.

मेळघाटात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं, त्यामुळे ११२ किंवा १०८ लागेलच असं धरून चालू नका. कुठे जातोय, किती वाजेपर्यंत फोन येईल आणि आला नाही तर कोणाला कळवायचं, हे परतवाड्यातूनच घरी सांगा. रविवारी गाविलगड किल्ला सकाळीच उरका. दुपारनंतर घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही, आणि दोन दिवस जागलेल्या ड्रायव्हरला तो घाट अंधारात उतरायला लावू नये. उशीर झालाच तर वरच मुक्काम करा, सोमवारची सुटी टाका.