जुन्या कागदाला नव्या तंतूंचा आधार

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
• रद्दीपासून केलेला कागद कमकुवत का असतो, याची कारणे सांगता येतील;
• हेंपच्या लगद्यामुळे त्याला बळकटी कशी येते, हे स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना
आपण जुन्या वह्या व वर्तमानपत्रे रद्दीत विकतो. त्या रद्दीपासून पुन्हा कागद तयार होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु हे असे किती वेळा घडू शकते?

पाठ
वर्तमानपत्राचा तुकडा फाडा आणि फाटलेली कड उजेडात धरा. केसांसारखे बारीक तंतू दिसतील. पाण्यात कालवलेला लगदा जाळीवर पसरला आणि पाणी निघून गेले, की हे तंतू एकमेकांना घट्ट बिलगतात. त्यातूनच कागद तयार होतो.

रद्दीचा पुन्हा लगदा करताना तंतू तुटून आखूड होतात. शिवाय एकदा वाळलेला तंतू ताठर बनतो; तो पूर्वीसारखा पाण्याने फुगत नाही व शेजारच्या तंतूला नीट बिलगत नाही. साधारणपणे पाच ते सात वेळा वापरल्यानंतर तो कागदाच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून रद्दीच्या लगद्यात नवे, लांब तंतू मिसळावे लागतात.

असे तंतू हेंपपासून मिळतात. ही वनस्पती भांगेच्याच जातीची आहे. तथापि तंतूंसाठी लावल्या जाणाऱ्या वाणांत नशा आणणारे द्रव्य अत्यल्प असते. तिच्या सालीतील तंतू सरासरी 20 मिलिमीटर लांब असतो. पाइनच्या लाकडातील तंतू सुमारे 3 मिलिमीटर, तर निलगिरीचा जेमतेम 1 मिलिमीटर असतो.

हेंपची ताटे पाण्यात कुजवून साल सोलतात. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवून धुतात. फार लांब तंतू गुंतून त्यांच्या गाठी होतात, म्हणून ते कापून घेतात. कुटाईयंत्रात कुटल्यावर त्यांना बारीक लव फुटते आणि ते अधिक घट्ट बिलगतात. हा लगदा थोडा जरी रद्दीच्या लगद्यात मिसळला, तरी विरलेल्या कापडाला मजबूत धाग्याची शिवण घालावी, तसा तो आखूड तंतूंना सांधून धरतो. कागद सहजासहजी फाटत नाही.

ही कल्पना नवी नव्हे. इ. स. 105 च्या सुमारास चीनमध्ये त्साइ लुन याने झाडाची साल, हेंपचे टाकाऊ तंतू, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद तयार करविला, असे इतिहास सांगतो.

मग सर्वत्र हेंप का वापरत नाहीत? एक तर हा लगदा महाग पडतो. दुसरे असे, की भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार तंतू वा बियांसाठीही या वनस्पतीची लागवड शासनाच्या परवानगीनेच करता येते. उत्तराखंडात 2018 पासून अशी परवानगी दिली जाऊ लागली. सुती चिंध्यांचे तंतूही लांब असतात. जयपूरजवळील सांगानेर येथे सुती चिंध्यांपासून उत्तम हातकागद होतो.

तात्पर्य, पुनर्वापर उपयुक्त आहे, पण तो अमर्याद नाही. प्रत्येक तंतूचे आयुष्य मोजके असते. म्हणून रद्दी कोरडी व स्वच्छ ठेवून विकणे जितके आवश्यक, तितकेच कागद जपून वापरणेही आवश्यक आहे.

शब्दार्थ
ताठर – न वाकणारा
लव – बारीक, मऊ केस
वाण – पिकाचा विशिष्ट प्रकार

स्वाध्याय
1. वाळलेल्या तंतूत कोणता बदल होतो?
2. हेंपचे तंतू कुटण्यापूर्वी का कापतात?
3. ‘पुनर्वापर अमर्याद नाही’ हे विधान आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
4. आपल्या घरी आठवडाभरात किती कागद वाया जातो, याची नोंद ठेवून पाच वाक्ये लिहा.