नोंदवहीतून निसटणारे मृत्यू

गावात एखादे बालक जन्मते, दोन-चार तास जगते आणि दगावते. त्याचे नावही ठेवलेले नसते. शोक घराच्या उंबरठ्याआतच राहतो. अशा बालकाची पुष्कळदा नोंदच होत नाही, किंवा ‘मृत जन्म’ असा शेरा पडतो. वास्तविक जन्मल्यावर बालकाने एकदा जरी श्वास घेतला, वा जिवंतपणाचे दुसरे लक्षण दाखविले, तरी त्याच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी करावयाच्या असतात. शेरा चुकला की तो मृत्यू बालमृत्युदरातून वगळला जातो आणि त्याचे कारणही शोधले जात नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये अशी वर्दी निबंधकास २१ दिवसांत द्यावी लागते. आरोग्य सेविकेची नोंदवही याहून वेगळी. तिच्यातील आकडे प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत संगणकावर चढतात. संगणक बेरीज अचूक करतो, परंतु जे लिहिलेच नाही ते त्याला कोठून दिसणार?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीचा प्रयोग केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. प्रारंभी हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे २५ वर आले. गावातील प्रशिक्षित स्त्रियांची सेवा हे त्याचे कारण खरेच. पण प्रत्येक जन्म-मृत्यू काटेकोरपणे टिपला गेला नसता, तर हा फरक सिद्धच झाला नसता. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

नोंदी निसटण्यामागे आळसापेक्षा भीती अधिक असते. मृत्यू लिहिला की जाब विचारला जातो, असा अनुभव आलेली सेविका पुढच्या वेळी लेखणी आखडती घेते. एकही बालमृत्यू न दाखविणाऱ्या उपकेंद्राचा गौरव करण्यापूर्वी त्याची जन्मनोंद तपासणे उचित होय.

याची एक सोपी रीत आहे. गर्भवतींच्या यादीतील प्रत्येक नावापुढे प्रसूतीचा निष्कर्ष लिहिला आहे किंवा नाही, हे दरमहा पाहावे. त्याचा पंचायतीच्या नोंदवहीशी मेळ घालावा. प्रसूतीची अपेक्षित तारीख उलटूनही जो रकाना कोरा राहिला असेल, त्या घरी सेविकेने जाऊन आस्थेने विचारपूस करावी.