लघुपट कसा घडतो?

चित्रपट पाहणे सोपे. तो घडविणे किती कष्टाचे असते, हे स्वतः एखादा घडवून पाहिल्यावाचून कळत नाही. गेल्या वर्षी आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही पाच मिनिटांचा एक लघुपट तयार केला. त्या उद्योगात आम्ही जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडीत आहोत. पुढे ज्यांना हा नाद लागेल त्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

पहिली पायरी विषयाची. प्रारंभी मुलांनी भुताचा वाडा, दरोडा, पाठलाग असे विषय सुचविले. तेव्हा आम्ही त्यांना दादासाहेब फाळक्यांची हकीकत सांगितली. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. तत्पूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून ठराविक अंतराने एकेक चित्र टिपले आणि 'अंकुराची वाढ' हा जेमतेम मिनिटभराचा पट सिद्ध केला. तो पाहिल्यावरच त्यांना भांडवल देणारा गृहस्थ मिळाला. तात्पर्य, विषय लहान असला तरी चालेल; मात्र त्यात डोळ्यांना दिसेल असा बदल घडला पाहिजे.

हे ऐकून एका मुलीने आपल्या गावचे मानस सुचविले. गोव्यात नदीकाठच्या खाजन शेतीला खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठी बांध घालतात आणि त्यात लाकडी दारांचे मानस बसवितात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने दारे मिटतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात. मानस राखणारे आजोबा मुलीच्या ओळखीचे होते. विषय ठरला.

दुसरी पायरी लेखनाची. लघुपटाचे सार एका वाक्यात लिहिता येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावावयाचा नाही, असा आम्ही नियम केला. चार दिवसांनी वाक्य सापडले: 'दार पाण्याने उघडते व मिटते, पण ते राखावयास माणूस लागतो.' मग प्रत्येक दृश्यात काय दिसेल, किती अंतरावरून दिसेल आणि काय ऐकू येईल, याची तीन रकान्यांत यादी केली. त्यानंतर कॅमेरा न घेता आजोबांकडे गेलो व त्यांची अनुमती मागितली. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याला आधी विचारणे, हा शिष्टाचार नव्हे, कर्तव्य आहे.

तिसरी पायरी चित्रीकरणाची. मोबाईल तिकाटण्यावर बसवून सकाळी सात वाजता मिटणारे दार आम्ही टिपले. जवळून घ्यावयाचे दृश्य राहिले, म्हणून दुसऱ्या दिवशी सातलाच हजर झालो, तो दार उघडेच! भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे भूगोलात शिकविणारे आम्हीच ते विसरलो होतो. दार मिटेपर्यंत ऊन चढले आणि सावल्या बदलल्या. दोन्ही तुकडे एकमेकांस जुळेनात. अखेर पंधरवडा थांबलो, तेव्हा भरती पुन्हा त्याच वेळेवर आली. निसर्गाचे वेळापत्रक आधी पाहावे, मग आपले करावे.

आवाजाकडेही असेच लक्ष हवे. नदीवरच्या वाऱ्यात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून आजोबांचे निवेदन त्यांच्या ओसरीवर घेतले. तेथे कोणी न बोलता मिनिटभर नुसती शांतताही मुद्रित केली. संकलनात दोन वाक्यांमधील फट बुजविण्यास ती फार उपयोगी पडली.

शेवटची पायरी संकलनाची, आणि खरी परीक्षा तेथेच झाली. दीड तासाच्या चित्रणातून पाच मिनिटे निवडावयाची होती. एक मुलगा चिखलात घसरला तेव्हा आजोबा खळखळून हसले होते. ते दृश्य सर्वांत सुंदर, म्हणून मुलांनी ते शेवटी जोडले. पण त्याच्या आधी होते फुटलेल्या बांधाचे आणि खाऱ्या पाण्यात बुडालेल्या शेताचे दृश्य. पाहताना एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आजोबा शेत बुडाले म्हणून हसताहेत असे वाटते!" वर्ग स्तब्ध झाला. दोन्ही दृश्ये खरी होती. त्यांची जोडणी मात्र खोटे बोलत होती. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवून दिले होते: शेजारचे दृश्य बदलले की त्याच चेहऱ्याचा अर्थ बदलतो.

काही मुले ते हसू सोडावयास तयार होईनात. आम्ही एवढेच विचारले, "आजोबांच्या शेजारी बसून हे पाहू शकाल का?" त्यावर कोणी काही बोलले नाही. ते दृश्य गेले. त्या जागी ओसरीवरील त्यांचे एक वाक्य आले: "दार म्हजें न्हय, गांवाचें." कोंकणी तसेच ठेवून खाली मराठी अक्षरे दिली. त्यांचे बोलणे त्यांच्याच वाणीत शोभत होते.

पुढे लघुपट आजोबांना दाखविला, तेव्हा मुले पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. पट संपल्यावर त्यांनी तो पुन्हा लावावयास सांगितला. विद्यार्थिमित्रांनो, कात्री चालविण्याचे कौशल्य सरावाने येते. परंतु ज्याचे चित्र आपण घेतले त्याच्या नजरेला नजर देता येईल अशीच ती चालवावी.