लाकूड पारखावे कसे?



आपल्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आपल्या उशाशी आहे. 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनातही नागपूरचे सागवान वापरले गेले. असे असूनही फळी हातात घेऊन ती कोणत्या झाडाची, ओली की वाळलेली, हे सांगू शकणारे तरुण आपल्यात किती आहेत? ज्यांना सुतारकाम शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. आमच्या मोहल्ल्यातील वाचनालयासाठी लोकवर्गणीतून पुस्तकांचे कपाट करायचे ठरले. मी नुकताच रंधा धरायला शिकलो होतो. स्वस्त मिळाल्या म्हणून ऐन पावसाळ्यात फळ्या आणल्या आणि पंधरा दिवसांत कपाट उभे केले. सर्वांनी कौतुक केले. पुढे वैशाखात सांधे सुटले, दोन फळ्या उभ्या चिरल्या आणि दार लागेनासे झाले. मोलमजुरी करणाऱ्या आयाबहिणींनी दिलेला पैसा होता तो. कारागिरी कच्ची होतीच, पण खरा दोष निवडीत होता. तेव्हापासून लाकूड घेताना मी चार प्रश्न विचारतो.

1. लाकूड कोणत्या झाडाचे?

सागवान टिकाऊ आहे, वाळवीला सहसा दाद देत नाही. परंतु ते महाग असल्याने शिकाऊ हाताने त्यावर प्रयोग करू नयेत. शिवण वजनाला हलकी, हत्याराला मऊ आणि वाळताना फारशी न वाकणारी. नवशिक्याला ती उत्तम. आंब्याची फळी स्वस्त पडते, मात्र तिला कीड लवकर लागते. पेटी, खोके, सरावाचे सांधे यांसाठी ती चालेल. हलदू पिवळसर व बारीक पोताचा, कोरीव कामास चांगला. बीजाचे लाकूड पाण्यात ठेवल्यास पाण्याला रंग येतो, ही त्याची सोपी ओळख. ऐन आणि बाभूळ मजबूत खरे, पण जड व कठीण; पहिल्याच वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

2. खोडाचा कोणता भाग?

खोडाच्या मधला गडद भाग म्हणजे गाभा आणि सालीलगतचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. कीड प्रथम रसकाष्ठाला लागते. सागवानाच्या फळीतही पांढरा भाग जास्त असेल, तर सागवानाचा भाव देऊ नका. त्यानंतर फळीचे टोक पाहा. तेथे वलयांच्या रेषा उभ्या दिसत असतील, तर फळी कमी वाकेल. आडव्या दिसत असतील, तर ती अधिक आकसेल. कारण लाकूड वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. शेवटी फळी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा. बाक किंवा पीळ लगेच कळतो. लहान घट्ट गाठ चालते. हलणारी गाठ नको.

3. लाकूड किती वाळलेले?

आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांजवळ जातो. ओले लाकूड या उन्हात आकसणारच. घरातील सामानासाठी ओलावा साधारण 12 टक्के असावा. तो काढण्याची रीत अशी : फळीच्या मधून छोटा तुकडा कापून वजन करावे, भट्टीत सुमारे 100 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा वजन करावे. ओला तुकडा 560 ग्रॅम व वाळलेला 500 ग्रॅम भरला, तर फरक 60; भागिले 500; म्हणजे ओलावा 12 टक्के.

भट्टी नसेल तर दुकानातील काटा पुरे. फळीवर पेन्सिलीने तारीख व वजन लिहावे आणि दर आठवड्याला मोजावे. कोरड्या दिवसांत लागोपाठ तीन आठवडे वजन बदलले नाही, तर फळी हवेत वाळली असे समजावे. फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच रचाव्यात. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवाव्यात आणि टोकांना ऑइल पेंट लावावा. टोकांतून ओलावा झपाट्याने जातो व तेथूनच चिरा पडतात.

4. लाकूड आले कोठून?

हा प्रश्न टाळू नका. जंगलातून चोरून आलेले लाकूड स्वस्त मिळते, परंतु पकडले गेल्यास जप्ती आणि गुन्हा दोन्ही होतात. स्वतःच्या शेतातील सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी 1964 चा वृक्षतोड अधिनियम आहे. वनविभाग आणि 1974 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र वनविकास महामंडळ आगारांतून लाकडाचा लिलाव करतात. पण ते ढीग नवशिक्याला न पेलणारे असतात. आपण आरागिरणीतून चिराण घ्यावे व पावती मागावी.

त्याहून चांगला मार्ग जुन्या लाकडाचा. कवेलूची घरे पाडून स्लॅब पडत आहेत. त्या घरांच्या मयाली, चौकटी, दारे कित्येक वर्षे वाळलेली असतात आणि पुष्कळदा जळणाच्या भावाने जातात. घरमालकाला विचारून रीतसर विकत घ्या. करवत लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून खिळे काढा आणि वाळवीची पोकळी आहे का, हे ठोकून पाहा. सुतारांच्या दुकानातील उरलेले तुकडेही सरावाला पुरतात.

हिशेब स्वतः करा

चिराणाचे माप घनफुटांत होते. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन गुणाकार करावा आणि 144 ने भागावे. 6 फूट लांब, 9 इंच रुंद, 1 इंच जाड फळी 0.375 घनफूट भरते. गोल लाकडाच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. घेर 4 फूट, लांबी 10 फूट, तर 10 घनफूट. हिशेब येणाऱ्याला सहसा कोणी फसवत नाही.

आमचे ते कपाट मी पुढे जुन्या चौकटींच्या लाकडातून पुन्हा केले. त्यानंतरचे उन्हाळे त्याने पाहिले आणि दार आजही नीट लागते. आपणही या सुट्टीत गावातील पाच लाकडांचे वीतभर तुकडे जमवा, त्यांवर नाव, वजन व तारीख लिहा आणि वर्षभर पाहत राहा. लाकूड कसे वागते, हे तेच तुम्हाला शिकवतील. जाणत्या सुतारकाकांकडे नम्रपणे बसा, विचारा. कष्टाचा पैसा वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप.